आउट झाले की, सर

आमच्या घराच्या दाराला शहाबादी फरशीची एक पायरी आहे, मधोमध झिजलेली. काम गेलं, दुसरं मिळेना, तेव्हा आप्पा त्या पायरीवर बसायला लागले आणि बसले ते बसलेच.

आप्पा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे. एमआयडीसीच्या बाजूला पत्र्याची शेड होती. मी लहान असताना डबा द्यायला जायचे, तेव्हा आतल्या खटखटाटानं छातीत धडधडायचं. मग एक दिवस मालकानं माग भंगारात काढले. सांगाडे ट्रकवर चढवायला माणसं कमी पडत होती म्हणून आप्पांनीच हात लावला. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, "आपलंच काम आपल्या हातानं ट्रकात घालून आला व्हय?" आप्पांनी हातपाय धुतले आणि जेवायला बसले.

पुढं बरेच दिवस ते सकाळी डबा घेऊन निघायचे. शेडमागून शेड बघायचे. पण नव्या मशीनवर तरुण पोरं लागतात आणि आप्पांचे कान गेलेले. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाचं तसंच होतं. त्यामुळं आमच्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे. गल्लीत नवीन भाडेकरू आला की विचारायचा, हितं रोज भांडणं असतात का? शेड बंद झाली, आप्पा बोलायचे थांबले, आणि हळूहळू आम्हीही. घर एवढं शांत झालं की आईच्या सुपातली तंबाखू हललेली ऐकू यायची.

आई विड्या वळते. तिच्या बोटांची टोकं मेलेली आहेत, भाकरी ती तव्यावर हातानंच उलटते. त्या वर्षात मीही तशीच झाले होते. दार अरुंद, आणि आप्पा एका चौकटीला पाठ टेकून दुसऱ्या चौकटीपर्यंत पाय पसरून बसायचे. आत-बाहेर करायचं तर त्यांना ओलांडावं लागायचं. माणसाला ओलांडू नये, म्हणून आई सुरुवातीला म्हणायची, "अवो, पाय घ्या की जरा." ते घ्यायचे नाहीत. ऐकू येत नव्हतं की घ्यायचे नव्हते, कोण जाणे. मग आई ओलांडायला लागली. मग मी. वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. रस्त्यातला दगड ओलांडावा तसे आम्ही आमच्या आप्पांना ओलांडत होतो.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. घरातली कॉलेजात गेलेली मी पहिली. आई अंगठा लावते, आप्पा चौथी. हे मी आजही मान वर करून सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

वैरागची आत्या त्याच वर्षी स्थळ घेऊन आली. मुलाचं तिथं हार्डवेअरचं दुकान होतं. आत्या पायरीवर आप्पांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या कानात ओरडून सांगायला लागली. सगळ्या गल्लीला कळलं.

"पोरगं निर्व्यसनी हाय! दुकान सोताचं हाय! दुसऱ्या वर्साची परीक्षा झाली की उरकून टाकू! काय म्हंतूस?"

आप्पा समोर बघत राहिले.

"न्हाई म्हन्ला न्हाई म्हंजी हो हाय," आत्या उठून आईला म्हणाली. "भाऊ माजा पयल्यापास्नं असाच हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. मी विडीचा दोरा गुंडाळत होते. तिसऱ्या वर्षाला मी कॉलेजात नसणार हे मला कळलं, बस पुढच्या थांब्याला थांबणार नाही हे कळावं तसं. मी दोरा गुंडाळून संपवला.

त्याच दिवसांत आमच्या खेळाच्या सरांनी तो लांबट बॉल आणला. कॉलेजात आम्ही कबड्डी खेळणाऱ्या होतो. मी तर लहानपणापासून आमच्या विहारामागच्या पटांगणात कबड्डीच खेळलेली. सरांनी बॉल मध्ये ठेवला. माझी मैत्रीण, तिच्या वडिलांची मालवाहू रिक्षा, तिनं तो पायानं हलवून बघितला.

"ये क्या सर, पपई?"

"रग्बीचा बॉल आहे. सातजणी लागतात. आणि बॉल पुढं फेकायचा नाही. मागच्याच मुलीला द्यायचा."

"पीछे देने का तो आगे कैकू भागने का?"

"तू पळ आधी. मग सांगतो."

असा आमचा संघ झाला. कबड्डीच्या चौघी, खो-खोच्या दोघी आणि एक गोळाफेकवाली, जिला कुणीच पाडू शकायचं नाही. मैदानातले दगड आम्हीच वेचले. आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात विटेसारखी होते. तिच्यावर पडायला शिकणं हाच अर्धा खेळ. समोरचीला धरताना डोकं तिच्या पाठीमागं ठेवायचं, गाल तिच्या मांडीला दाबायचा आणि दोन्ही हातांनी पाय आवळायचे. पहिल्या दिवशी सगळ्या हसतच होत्या. दुसऱ्या दिवशी कुणाला हसायला येईना, बरगड्या दुखत होत्या.

सराव रांगेत व्हायचा. एकीनं बॉल घेऊन पळायचं, दुसरीनं धरून पाडायचं. पडलं की बॉल सोडायचा, उठायचं आणि बाजूनं जाऊन रांगेच्या शेवटी उभं राहायचं. महिनाभर हेच केलं. इथंच माझा घोळ झाला, आणि तो कबड्डीवालीचाच होऊ शकतो.

पहिला सामना अकलूजला होता. सकाळच्या एसटीनं गेलो, बरोबर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. तिकडच्या मुली बघूनच आमची गोळाफेकवाली म्हणाली, "ह्या दूध पिऊन आल्यात गं. आपण चहा."

सामना सुरू झाला. मला बॉल मिळाला. मी कडेच्या रेषेजवळून सुटले, बरीच पळाले, आणि एकीनं मागून माझे पाय आवळले. मी पडले. बॉल सोडला, तो नीट सोडला. मग उठले, गुडघ्याची माती झटकली, रेषेच्या बाहेर गेले आणि मांडी घालून बसले.

आत सहाजणीच राहिल्या. माझी मैत्रीण एकटी दोघींना अडवत ओरडली, "बाहर कैकू बैठी बे तू!"

मी बसल्या जागेवरून ओरडले, "पॉइंट काढ की! पॉइंट काढला की येते आत!"

कबड्डीत तसंच असतं. धरलं की बाहेर. आपल्या कुणीतरी समोरच्याला बाद केलं की आपल्याला आत बोलावतात. तोवर बसायचं. नियम मला पाठ होते, सरांनी दोनदा विचारून घेतले होते. डोक्याला माहीत होतं, पायांना नव्हतं.

माझ्या रिकाम्या जागेतून अकलूजची एक मुलगी पळत गेली आणि शेवटच्या रेषेपलीकडं बॉल टेकवून आली. सर धावत माझ्याकडं आले.

"कुठं लागलं?"

"कुठं नाही सर."

"मग बाहेर का बसलीस?"

"आउट झाले की, सर."

 पलीकडं बसलेले अकलूजच्या कॉलेजचे शिक्षक हसायला लागले, मग सगळेच. मी उभी राहिले. कुठल्या बाजूला पाऊल टाकायचं ते मला समजत नव्हतं.

आम्ही हरलो. दणकून हरलो. परतीच्या एसटीत माझं नाव 'आउट' पडलं होतं. "ए आउट, खिडकी लाव." "आउटला चटणी द्या गं, बाहेर बसलीय बिचारी." मीही हसले. टेंभुर्णीला गाडी थांबली तेव्हा सर चहाचा कप घेऊन शेजारी आले. ते फार बोलणारे गृहस्थ नव्हते.

"मातीत पडलेली आहेस तोवर तू खेळात नाहीस," ते म्हणाले. "तोवर बॉलला हात लावायचा नाही. पण पायांवर उभी राहिलीस की लगेच आहेस. कुणाला विचारायचं नाही. कुणी आत बोलवत नाही इथं."

मी मान हलवली. चहा गोड होता.

घरी आल्यावर रात्रीच्या जेवणाला मी आईला ही गंमत सांगितली. तिला कबड्डी माहीत होती, तरुणपणी खेळलेली. ती इतकी हसली की ठसका लागला. "आगं बया, आन् बसलीस मांडी घालून?" घरात बऱ्याच दिवसांनी कुणीतरी मोठ्यानं हसलं होतं. आप्पांनी ताटातून वर बघितलं. आईनं मग त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं ओरडून सांगितलं, हातवारे करून.

आप्पांनी घास गिळला. मग मला विचारलं, "मग परत आत कसं जायचं?"

त्यांचा आवाज जाडा झाला होता, न वापरलेला.

"आत जायचं नसतंच आप्पा," मी ओरडून म्हणाले. "आपण आतच असतोय. उठायचं फक्त."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. सकाळी मी निघाले तेव्हा ते पायरीवर होते आणि मी त्यांना ओलांडून गेले.

खेळानं जिद्द येते असं लोक भाषणात सांगतात. मलाही शाळांच्या कार्यक्रमात तसं बोलायला बोलावतात. खरं सांगायचं तर माझ्यात जिद्द वगैरे काही आली नाही. सवय आली. सर रोज शेवटी मला एकटीला थांबवायचे आणि म्हणायचे, पड. सोड. उठ. पड. सोड. उठ. ढोपरं सोलली, वर खपली धरली, ती परत सोलली. काही आठवड्यांनी असं झालं की पडल्याचं कळायच्या आधी मी उभी असायचे. त्यात मनाचा काही संबंध नव्हता. आई विड्या वळताना शेजारणीशी बोलते, बोटं आपली चालू असतात, तसंच ते. मन मेलेलं असतानाही अंग उठू शकतं. मला तरी या खेळानं एवढंच शिकवलं, आणि मला तेवढंच लागणार होतं.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा झाली. आत्यानं निरोप धाडला, पाहुणे रविवारी बघायला येतील. सोलापुरातला सामना शनिवारी होता. जायचं की नाही असा प्रश्न मला पडलाच नाही, मी गेले. त्या सामन्यात एका मुलीला पाडताना तिचा गुडघा माझ्या गालफडावर बसला आणि मानेला जोराचा झटका बसला. डावा हात खांद्यापासून झिणझिण्या येऊन गायब झाल्यासारखा झाला. मी उठले. उठून पुढचीलाही धरलं, एका हातानं. मैत्रीण नंतर म्हणाली, "तेरी आँखाँ देख के मेरेकू डर लगा बे." मला त्यातलं फारसं आठवत नाही. आम्ही जिंकलो, थोडक्यात.

रविवारी सकाळी माझा गाल टमाट्यासारखा झाला होता, डोळ्याखाली निळं. आत्या दारातच थबकली.

"आगं आई गं! हे काय ध्यान? आता तोंड कसं दाखवायचं त्यांना?"

"पदर घ्यायला सांग की," आई म्हणाली.

"पदरानं गाल झाकतुय व्हय? चड्डी घालून मातीत लोळती म्हनं ही! वैरागात कळलं तर कोन करील?"

"लोळू दे की. तुज्या घरची माती हाय का?"

आईचं हे उत्तर ऐकून मीच चकित झाले. पण तेवढ्यात पाहुणे आले. मुलाचे वडील, मुलाचा मामा आणि मुलगा. मुलगा खरंच साधा होता, मान खाली घालून बसला. आप्पांना आत्यानं पायरीवरून उठवून आत खुर्चीवर बसवलं होतं, इस्त्रीचा शर्ट घालून. मी पोहे घेऊन गेले. सगळ्यांनी माझ्या गालाकडं बघितलं आणि पोह्यांकडं बघितलं.

"जिन्यावरनं पडली," आत्या म्हणाली.

आमच्या घराला जिना नाही. बसल्या जागेवरून सगळ्यांना ते दिसत होतं.

"खेळताना लागलं," मी म्हणाले. "रग्बी."

"ते काय असतंय?" मामांनी विचारलं. माणूस मिश्किल होता.

"बॉल घेऊन पळायचं. समोरच्यानं धरून पाडायचं."

"आन् पाडल्यावर?"

"उठायचं."

मामा हसले. "बरं हाय की. आमच्या दुकानात पोती उचलाया हुईल."

सगळे हसले. आत्याचा जीव भांड्यात पडला. मुलाचे वडील म्हणाले, मुलगी धीट आहे, आम्हाला पसंत आहे, शिकायचं असेल तर लग्नानंतर बघू. 'बघू' म्हणजे काय ते आमच्या गल्लीतल्या सगळ्या मुलींना ठाऊक आहे. मी ट्रे घेऊन तशीच उभी होते. हात दुखत होता. पोटात भीती नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. तोंड आपोआप उघडलं, आप्पांशी बोलायचे त्याच मोठ्या आवाजात.

"मला तिसरं वर्ष पूर्ण करायचंय. आत्ता लग्न करायचं नाही."

"गप गं," आत्या म्हणाली. "मोठ्या मान्सात बोलू न्हाई. तिचं मनावर घिऊ नका पाव्हनं, आजकालच्या पोरी."

मुलाच्या वडिलांनी चमचा खाली ठेवला. माणूस सभ्य होता. ते माझ्याशी वाद घालत बसले नाहीत, आप्पांकडं वळले. "पाव्हणं, बापाचा शब्द शेवटचा. तुमचं काय म्हणणं?"

आप्पा भिंतीकडं बघत होते. आत्यानं तोंड उघडलं, ती आता काय म्हणणार मला माहीत होतं. भाऊ गप हाय म्हंजी हो हाय.

"तिनं सांगितलं की," आप्पा म्हणाले.

ते इतकं हळू होतं की पाहुण्यांना कळलं नाही. आप्पांना ऐकू आलं नसावं असं समजून मुलाचे वडील जोरात म्हणाले, "तुमचं काय म्हणणं हाय, विचारलं!"

तेव्हा आप्पा खुर्चीवरून उठले. आणि शेडमध्ये दहा माग चालू असताना पलीकडच्या माणसाला हाक मारायचे, त्या आवाजात म्हणाले, "तिनं सांगितलं की!"

शेजारच्या घरात भांडी घासण्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

पाहुण्यांनी पोहे संपवले. चहा घेतला. मामा जाताना मला म्हणाले, "शीक बाई," आणि मुलानं पहिल्यांदा मान वर करून बघितलं. कुणी चिडलं नाही. आत्या मात्र पिशवी उचलून त्यांच्या मागोमाग गेली आणि पुढं बरेच दिवस आमच्याशी बोलली नाही. आता बोलते.

मी बशा विसळायला मोरीत गेले. खूप आनंद झाला असं इथं लिहिलं पाहिजे. झाला नाही. आई येऊन शेजारी उभी राहिली, माझ्या गालाला बोट लावून म्हणाली, "गरम हाय का गं? मला कळंना."

"आहे," मी म्हणाले.

आप्पा संध्याकाळी परत पायरीवर जाऊन बसले. एका वाक्यानं माणूस बदलत नाही. प्रवेशाचा दिवस आला तेव्हाही ते तिथंच होते, पाय पसरून. मी सवयीनं एक पाय उचलला, ओलांडायला. आणि त्यांनी पाय आत घेतले. दोन्ही गुडघे छातीशी घेतले आणि भिंतीला सरकले. माझा पाय तसाच हवेत राहिला.

"जा," ते म्हणाले.

मी गेले. उन्हाळा ओसरल्यावर आप्पाही उठले. एका शाळेच्या गेटवर त्यांना वॉचमनचं काम लागलं. मागांचा पगार आणि मान त्यात नाही, ते स्वतःही तसं सांगतात. पण सकाळी डबा घेऊन निघतात आणि पायरी मोकळी असते.

मी आता इथंच एका शाळेत खेळ शिकवते. माझ्या रग्बीच्या मुली बहुतेक कबड्डीतूनच येतात, आणि पहिल्या सामन्यात एखादी हमखास धरल्यावर उठते, माती झटकते आणि बाहेर जाऊन बसते. बाकीच्या हसतात. मी तिच्याजवळ जाते, हाताला धरून उभी करते आणि रेषेच्या आत ढकलते. समजावून नंतर सांगता येतं.

तिसऱ्या वर्षाला मी प्रथम श्रेणीत पास झाले. पदवीदानाला आई आणि आप्पा दोघं आले होते. आमच्या घरातली पहिली पदवी माझी आहे.